वाटाड्याचा आवाज आणि वस्तीची साक्ष

शहरातील एखाद्या वस्तीचा इतिहास सांगण्याचे जे मार्ग रूढ आहेत, त्यांत ग्रंथ, वस्तुसंग्रहालय, स्मारकशिला आणि अभ्याससहल हे प्रमुख होत. गेल्या काही दशकांत त्यांत आणखी एका साधनाची भर पडली आहे. ते म्हणजे श्राव्य मार्गदर्शिका. कानांना हेडफोन लावून ध्वनिमुद्रित आवाजाच्या सोबतीने रस्त्यारस्त्यांतून चालावयाचे आणि ज्या ठिकाणी आपण उभे आहोत त्या ठिकाणाचा वृत्तान्त तेथेच ऐकावयाचा, असे या साधनाचे साधारण स्वरूप आहे. त्याविषयी बोलताना बहुधा यंत्राची नवलाई किंवा मिळणारी करमणूक यांकडेच लक्ष जाते. इतिहासकथनाचे साधन म्हणून त्याची योग्यता किती, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी लंडनमधील व्हाइटचॅपेल, टोरांटोमधील केन्सिंग्टन मार्केट आणि पुन्हा लंडनमधीलच लेटनस्टोन या तीन वस्त्यांतील तीन प्रकल्प आम्ही परीक्षणासाठी निवडले आहेत.

पूर्वेतिहास

हे साधन प्रथम संग्रहालयात जन्मास आले. १९५२ साली ॲमस्टरडॅम येथील स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या हाती रेडिओवर चालणारे छोटे संच देण्यात आले. आवाज एकाच ठिकाणाहून प्रक्षेपित होत असल्यामुळे सर्वांना एकाच वेळी एकच मजकूर ऐकू येई आणि सर्वांना एकाच चित्रापुढून दुसऱ्या चित्रापुढे बरोबरच सरकावे लागे. बोलणारा तज्ज्ञ, ऐकणारे अनभिज्ञ आणि वस्तू मूक, अशी ही मांडणी होती. पुढे अमेरिकेत हाइड पार्क येथील फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या निवासस्थानाच्या मार्गदर्शिकेत त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीच निवेदन केले. घराची माहिती त्या घरात राहिलेली व्यक्ती देऊ लागली, हे लहानसे पण महत्त्वाचे स्थित्यंतर होय. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्काट्राझ या बंद पडलेल्या तुरुंगाच्या मार्गदर्शिकेत त्यापुढचे पाऊल पडले. तेथे एकेकाळचे पहारेकरी आणि एकेकाळचे कैदी या दोघांचेही आवाज ऐकविण्यात आले. एकाच भिंतीविषयी भिंतीच्या दोन बाजूंची माणसे बोलू लागली.

संग्रहालय आणि तुरुंग या दोन्ही जागांना दार असते. आत कोणी यावे हे ठरविता येते. वस्तीला दार नसते. तेथे माणसे राहत असतात, वस्तू हलतात, घरे पडतात, नवे रहिवासी येतात. म्हणून हे साधन रस्त्यावर आले तेव्हा त्याच्यासमोरील प्रश्नही बदलले. वस्तीच्या श्राव्य मार्गदर्शिकेचे परीक्षण करताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. बोलतो कोण, ही पहिली. जे बोलले जाते त्याचा त्या विशिष्ट स्थळाशी संबंध कोणता, ही दुसरी. आणि ते ऐकल्यानंतर ऐकणाऱ्याचे त्या वस्तीशी नाते कोणते उरते, ही तिसरी.

व्हाइटचॅपेल : वस्ती पार्श्वभूमीला

कॅनडाच्या कलावती जॅनेट कार्डिफ यांची ‘द मिसिंग व्हॉइस : केस स्टडी बी’ ही श्राव्य पदयात्रा १९९९ साली लंडनच्या पूर्व भागात सुरू झाली. आर्टएंजल या संस्थेने ती करवून घेतली होती. व्हाइटचॅपेल ग्रंथालयात जाऊन सीडीचा संच घ्यावयाचा, तेथील गुन्हेगारीकथांच्या कपाटापासून आरंभ करावयाचा आणि मग एका स्त्रीच्या आवाजामागोमाग गल्ल्यांतून चालत लिव्हरपूल स्ट्रीट या रेल्वेस्थानकापर्यंत पोहोचावयाचे, असा तिचा क्रम आहे. दोन्ही कानांच्या जागी सूक्ष्मध्वनिग्राहक ठेवून ध्वनिमुद्रण केल्यामुळे मागून येणारी पावले खरोखर मागूनच येत असल्याचा भास होतो. रस्त्यावरचा प्रत्यक्ष आवाज कोणता आणि ध्वनिमुद्रित कोणता, याचा निर्णय ऐकणाऱ्यास करता येत नाही. तंत्र म्हणून ही कामगिरी निःसंशय श्रेष्ठ आहे. माणसाला चालावयास लावणारा आवाज त्याच्या मनाचा किती लवकर ताबा घेतो, हे या कृतीने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कोणी केले असेल.

तथापि आमच्या कसोट्या लावल्या तर हिच्यात वस्तीचा इतिहास फार थोडा आहे. कथा एका हरवलेल्या स्त्रीची व तिच्या भयाची आहे. व्हाइटचॅपेल तिला नेपथ्य पुरविते. ही वस्ती तर इतिहासाने ओतप्रोत भरलेली आहे. १८९२ साली उघडलेले हे ग्रंथालय पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुलांचे खरे विद्यापीठ होते. जवळच्या ब्रिक लेनवरील एक इमारत १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगनो पंथीयांचे प्रार्थनागृह म्हणून बांधली गेली. ती पुढे मेथडिस्टांकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. ग्रंथालयापासून काही पावलांवर जे उद्यान आहे, त्याला अल्ताब अली या बांगलादेशी कापडकामगाराचे नाव आहे. ४ मे १९७८ रोजी वंशद्वेषातून त्याची तेथे हत्या झाली आणि त्यानंतर बंगाली कामगारांनी हजारोंच्या संख्येने मोर्चा काढला. हा सर्व इतिहास ऐकणाऱ्याच्या उजव्याडाव्या हातास असतो आणि त्याच्या कानात मात्र एका खासगी रहस्याचा आवाज चालू असतो.

कार्डिफ यांनी इतिहास सांगण्याची प्रतिज्ञा केली नव्हती, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो मान्य आहे. कलाकृती म्हणून तिला दोष देण्याचे आम्हांस कारण नाही. पण तिच्या यशानंतर तिचे तंत्र अनेकांनी आदर्श मानले आणि कुजबुजता आवाज, पावलांचा भास व रहस्याची हुरहुर म्हणजेच वस्तीचा अनुभव, अशी समजूत पसरली. ही समजूत घातक आहे. जेथे दुसऱ्याचे दुःख घडले त्या रस्त्यावरून आपल्याच भीतीचा आस्वाद घेत जाणे म्हणजे वस्ती जाणणे नव्हे. ते ग्रंथालयही २००५ साली बंद होऊन शेजारच्या कलादालनात विलीन झाले. पदयात्रेचा आरंभबिंदूच अशा रीतीने इतिहासजमा झाला.

केन्सिंग्टन मार्केट : अनेक मुखे, पण विखुरलेली

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. २००३ साली टोरांटोच्या केन्सिंग्टन मार्केट या भागात ‘मर्मर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. शॉन मिकॅलेफ, जेम्स रूसेल आणि गेब सॉनी हे त्याचे प्रवर्तक. रस्त्यातील खांबांवर कानाच्या आकाराच्या हिरव्या पाट्या लावण्यात आल्या. पाटीवर दूरध्वनीचा क्रमांक आणि त्या जागेचा संकेतांक असे. तेथे उभे राहून आपल्या मोबाइलवरून तो क्रमांक फिरविला की त्या जागेविषयी कोणा सामान्य माणसाने सांगितलेली आठवण ऐकू येई. मार्ग आखून दिलेला नाही, निवेदक नाही, आरंभ नाही आणि शेवटही नाही.

या योजनेतील लोकशाही वृत्ती आम्हांस मोलाची वाटते. केन्सिंग्टन मार्केट ही स्थलांतरितांच्या एकामागून एक आलेल्या लाटांनी घडविलेली वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती ज्यूंची बाजारपेठ होती. त्यांची दोन सिनेगॉगे आजही तेथे उभी आहेत. पुढे पोर्तुगीज आले, कॅरिबियन बेटांवरील लोक आले, चिनी आले. २००६ साली कॅनडाच्या शासनाने या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. अशा वस्तीचा इतिहास एका आवाजात सांगणे म्हणजेच त्याचा विपर्यास करणे होय. ‘मर्मर’ने हे ओळखले. एखाद्या दुकानाची पायरी किंवा एखादा कोपरा एवढ्यालाही इतिहास असू शकतो, हे या प्रकल्पाने मान्य केले. शिवाय एक कान यंत्राला दिला तरी दुसरा कान रस्त्याला मोकळा राहतो, ही दूरध्वनीची साधी गोष्टही दुर्लक्षणीय नाही. दोन्ही कान बंद करून वस्तीत शिरणारा पाहुणा तेथील कोणाच्याही हाकेला ओ देऊ शकत नाही.

मर्यादा दिसते ती अन्यत्र. सुट्या आठवणी कितीही जमविल्या तरी त्यांतून कार्यकारणभाव आपोआप सिद्ध होत नाही. ज्यू येथून का गेले, पोर्तुगीज का आले, भाडी का वाढली, दुकाने कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, या प्रश्नांना आठवण उत्तर देत नाही. ती फक्त उत्तर शोधण्याची निकड निर्माण करते. ती निकड पुढे नेणारी व्यवस्था नसेल तर ऐकणारा चार गमतीदार गोष्टी घेऊन घरी जातो. आणि ज्याच्याजवळ सांगण्याजोगी गोष्ट आहे, पण सांगण्याचा आत्मविश्वास नाही किंवा ती भाषा नाही, तो अशा योजनेतही मुकाच राहण्याचा संभव असतो. दार सर्वांना उघडे असणे आणि सर्वांना आत आणणे यांत अंतर आहे.

लेटनस्टोन : घर नाही, आवाज आहे

तिसरा प्रकल्प आमच्या मते या प्रकारातील सर्वांत गंभीर होय. त्याचा विचार करण्यापूर्वी त्यामागील घटना सांगणे अवश्य आहे. लंडनच्या ईशान्येस वॉन्स्टेड, लेटनस्टोन आणि लेटन या भागांतून मोटारमार्ग नेण्याची योजना अनेक दशके रेंगाळत होती. मार्गाच्या रेषेत येणारी घरे वाहतूक खात्याने विकत घेऊन ठेवली होती. पाडकाम लांबत गेले, तसतशी त्यांतील कित्येक घरे तात्पुरत्या मुदतीने कलावंतांना व इतर गरजूंना राहावयास देण्यात आली. जुने रहिवासीही होते. क्लेअरमाँट रोडवरील नव्वदी उलटलेली एक वृद्धा जन्मापासून त्याच रस्त्यावर राहत होती. १९९३ साली काम सुरू झाल्यावर तीव्र प्रतिकार झाला. वॉन्स्टेडच्या हिरवळीवरील जुना चेस्टनट वृक्ष वाचविण्यासाठी लोक त्यावर झोपडी बांधून राहिले. तो डिसेंबर १९९३ मध्ये पाडण्यात आला. क्लेअरमाँट रोडवरील निष्कासन १९९४ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू झाले आणि छपरांवर, मनोऱ्यांवर चढून बसलेल्या माणसांना उतरविण्यात कित्येक दिवस गेले. १९९९ साली रस्ता वाहतुकीस खुला झाला. या कामी सुमारे चारशे घरे जमीनदोस्त झाली.

त्यांपैकी एक घर संगीतकार व नाट्यकर्मी ग्रेम मिलर यांचे होते. त्यांनी २००३ साली ‘लिंक्ड’ ही कृती उभारली. लंडन संग्रहालयाचे तिला साहाय्य होते. नव्या रस्त्याच्या कडेने सुमारे तीन मैलांच्या पट्ट्यात दिव्यांच्या खांबांवर वीस छोटे प्रक्षेपक बसविण्यात आले. पूर्वी जेथे घरे होती त्या जागी एकेकाळी राहिलेल्या व काम केलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन, त्यांचे अंश संगीतात गुंफून, ते या प्रक्षेपकांवरून अखंड पाठविले जाऊ लागले. ऐकू इच्छिणाऱ्याने स्थानिक ग्रंथालयातून रेडिओसंच आणि नकाशा विनामूल्य घ्यावा आणि रस्त्याच्या कडेने चालत आवाज शोधावा, अशी ही योजना होती.

या रचनेतील एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. सीडीवरील किंवा फोनमधील आवाज ऐकणाऱ्याच्या खिशात असतो; तो हवे तेव्हा चालू होतो, हवे तेव्हा बंद पडतो आणि घरी बसूनही ऐकता येतो. मिलर यांचा आवाज त्या जागेच्या मालकीचा आहे. प्रक्षेपकाची शक्ती अल्प असल्यामुळे खांबापासून दूर जाताच तो विरतो, खरखर सुरू होते आणि परत मागे यावे लागते. ऐकणारा नसला तरी आवाज बोलतच असतो. ज्याला घरातून काढले त्याला त्याच जागेवर, निदान आवाजाच्या रूपाने, परत बसविण्याचा हा उपक्रम आहे. ज्या शासनाने ती जागा घेतली त्याच्याच दिव्याच्या खांबावर ही साक्ष टांगलेली आहे, याहून अधिक मार्मिक भाष्य शब्दांनी करता आले नसते.

पहिल्या दोन कसोट्यांना ही कृती पुरेपूर उतरते. बोलणारे ते आहेत, ज्यांचे काही गेले. बोलण्याचा संबंध एका विशिष्ट जागेशी आहे आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. कारण पुढे फक्त खंदकातून धावणाऱ्या मोटारी आहेत. संग्रहालयात वस्तू असते व आवाज तिचे स्पष्टीकरण करतो. येथे वस्तूच नाही. आवाज हाच एकमेव पुरावा आहे. स्वयंपाकघर कोठे होते, मुले कोठे खेळत होती, हे सांगणारा आवाज बंद पडला तर त्या घराचे अस्तित्व सांगणारे त्या जागी दुसरे काही उरत नाही. श्राव्य मार्गदर्शिका हे गौण साधन आहे, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

दोष नाहीत असे नाही. आठवणींचे तुकडे करून त्यांना संगीताची जोड देण्याने त्यांस करुण सौंदर्य प्राप्त होते आणि सौंदर्य कित्येकदा रागाला शांत करते. निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला, कोणाला किती मोबदला मिळाला, ही कठोर माहिती अशा खंडित शैलीत मावत नाही. ज्याला हा इतिहास आधी ठाऊक आहे त्यास तुकडे पुरतात. ज्याला ठाऊक नाही त्यास ते केवळ हळहळ देतात. याच रस्त्याच्या पाडकामावर जॉन स्मिथ यांनी ‘ब्लाइट’ हा लघुपट केला, त्यातही रहिवाशांचे बोलणे जोसेलिन पुक यांच्या संगीतात मिसळले आहे. दोन्ही कृती पाहिल्या-ऐकल्यानंतर आमचे असे मत झाले आहे की, साक्षीला संगीत चालेल, परंतु साक्षीबरोबर कागदपत्रही असले पाहिजे. ग्रंथालयातून मिळणाऱ्या नकाशाबरोबर योजनेचा, आदेशांचा व तारखांचा साधा तक्ता दिला असता तर या कृतीच्या परिणामास बाध आला नसता, उलट बळच आले असते.

काही आक्षेप

या साधनावरच जे मूलभूत आक्षेप घेता येतील त्यांपैकी दोन येथे विचारात घेऊ. ध्वनिमुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही, हा पहिला. केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरविण्यात आली आणि तेथून साठ हजारांवर लोक हलविले गेले. १९९४ साली तेथील एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. तेथे जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला आहे. पूर्वीच्या रहिवाशांनी आपापल्या घरांच्या जागी आपल्या हाताने नावे लिहिली आहेत आणि त्यांच्यापैकीच काहीजण पाहुण्यांना माहिती देत आले आहेत. असा जिवंत साक्षीदार अडतो, आठवतो, चुकतो, प्रतिप्रश्न करतो. त्याची बरोबरी कोणतेही यंत्र करणार नाही. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. परंतु साक्षीदार अमर नसतो. तो असेपर्यंत त्याच्याबरोबर चालावे आणि त्याच्या पश्चात आवाज उरेल अशी तजवीज त्याच्या हयातीतच करावी, असा या दोहोंचा मेळ आहे.

श्राव्य मार्गदर्शिका राहत्या वस्तीला प्रेक्षणीय वस्तू बनविते, हा दुसरा आक्षेप. हेडफोन लावलेले दहा लोक एखाद्याच्या दाराकडे टक लावून पाहत उभे राहिले, तर आतल्या माणसास काय वाटेल? हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यावर उपाय एवढाच की, मजकूर प्रथम त्या वस्तीला ऐकवावा, तिच्या भाषेत ऐकवावा आणि तिने नाकारलेला भाग वगळावा. जी मार्गदर्शिका वस्तीतील माणसांना ऐकवण्याचे धैर्य कर्त्यास होत नाही, ती पाहुण्यांनाही ऐकवू नये.

आपल्यासमोरील प्रश्न

हा विचार महाराष्ट्रातील वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणगावाचा मौखिक इतिहास मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शेकडो तासांच्या श्रमाने सिद्ध केला. तो २००४ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ग्रंथ म्हणून त्याचे मोल वादातीत आहे. पण ग्रंथात आवाजाचा ठसका, गावाकडची बोली, मध्येच आलेला उसासा उतरत नाही आणि तो वाचताना वाचक त्या गिरणीच्या दारात उभा नसतो.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींची गोष्ट अधिक तातडीची आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या २०७ चाळी. सुमारे १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, लांबलचक मार्गिका आणि त्या मार्गिकांवर घडलेले तीन-चार पिढ्यांचे जीवन. आंबेडकरी चळवळीचा केवढा तरी इतिहास या चाळींनी पाहिला आहे. जानेवारी १९७४ मधील वरळीची दंगल आणि दलित पँथरचा लढा याच इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागांत घडला. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथे पहिल्या नव्या सदनिकांचे वाटप झाले. लेटनस्टोनच्या रहिवाशांना बाहेर काढण्यात आले, येथील रहिवाशांना त्याच जागी मोठे घर मिळत आहे, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही कमी लेखत नाही. चांगले घर हा माणसाचा हक्क आहे. चाळीच्या आठवणींसाठी कोणी चाळीतच राहावे, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. परंतु घर बदलले म्हणून साक्ष नष्ट झाली पाहिजे, असे नाही. मार्गिका गेली, जिना गेला, सभांची जागा गेली, की त्या जागी काय घडले हे सांगण्यास फक्त बोलणारी माणसे उरतात आणि त्यांतील वडीलधारी दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमचे सांगणे असे की, जेथे जेथे इमारती उतरविल्या जात आहेत तेथे तेथे मंडळांनी, विहारांनी व ग्रंथालयांनी वडीलधाऱ्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे, प्रत्येक आठवणीपुढे चाळीचा क्रमांक, मजला व शक्य तेथे साल लिहावे, बोलणाऱ्याची संमती घ्यावी आणि परस्परविरोधी आठवणी दोन्ही जपाव्यात. महागडी यंत्रे लागत नाहीत. आज घरोघरी असलेला फोन पुरेसा आहे. त्याची मार्गदर्शिका उद्या होईल की दहा वर्षांनी, हा प्रश्न नंतरचा. कच्चा मजकूर मात्र नंतर मिळणार नाही.

निष्कर्ष

तिन्ही उदाहरणांच्या परीक्षणातून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. व्हाइटचॅपेलच्या कृतीपाशी अप्रतिम तंत्र आहे, पण वस्तीचा आवाज नाही. केन्सिंग्टन मार्केटच्या प्रकल्पापाशी आवाज आहेत, पण त्यांना जोडणारा धागा नाही. लेटनस्टोनच्या कृतीपाशी आवाजही आहे आणि जागेचा हक्कही आहे. तिला कागदपत्राची जोड तेवढी हवी होती. वस्तीच्या श्राव्य मार्गदर्शिकेचे खरे काम पाहुण्याला वाट दाखविण्याचे नाही. वाट तर नकाशाही दाखवितो. या जागेवर कोणीतरी राहत होते, त्यांचे नाव होते, त्यांना विचारण्यात आले होते किंवा नव्हते, हे त्या जागीच उभे करून ऐकविणे हे तिचे काम आहे. जी मार्गदर्शिका हे करते ती इतिहासाचे साधन ठरते. जी करीत नाही, ती कितीही मधुर असली तरी करमणूकच राहते.